हिमवादळाने शाळा बंद, रोबोट अर्धवट: आता काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला धरून आहे ते कळेल. टीमचं दुसरंच वर्ष. एफआरसीचा, म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या शाळकरी टीमच्या रोबोट-स्पर्धेचा, यंदाचा खेळ जानेवारीच्या सुरुवातीला जाहीर झाला आणि ऐन बांधणीत हिमवादळ आलं. शाळा पाच दिवस बंद. वर्कशॉप शाळेच्या तळघरात, त्यालाही कुलूप. ड्राइव्हट्रेन, म्हणजे चाकं-मोटरींचा पाया, चालते, पण वरची यंत्रणा अजून सुट्या भागांतच पडलेली. पहिली स्पर्धा मार्चच्या पहिल्या आठवड्यात. मुलं म्हणतात कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जमू. काही पालक तयार आहेत, काही धास्तावलेत. त्यात पुढच्या आठवड्यात पुन्हा बर्फाचा अंदाज.

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत मी बरीच वर्षं अशा टीमचा मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, आहे. इथे प्रश्न बर्फ पडेल का हा नसतो, कोणत्या आठवड्यात पडेल एवढाच असतो. माझ्या उत्तरातलं जवळजवळ सगळं एकाच गोष्टीतून निघतं: बुडालेले तास भरून काढायच्या मागे लागू नका, रोबोट लहान करा.

हे ऐकायला कुणालाच आवडत नाही. मुलांना तर नाहीच, पण पालक आणि इतर मेंटॉरांनाही वाटतं की शनिवार-रविवार जादा बसू, रात्री दहापर्यंत थांबू, होईल. हिशेब करून पाहा. शाळा उघडल्यावर बुडालेल्या परीक्षा त्याच आठवड्यात येतात. मेंटॉरांच्या नोकरीतलं तुंबलेलं कामही तेव्हाच समोर येतं. शाळेचा चौकीदार रात्री दहाला दार बंद करतो ते करतोच. जादा तास कागदावर दिसतात तितके हाती लागत नाहीत. आणि जे लागतात ते थकलेल्या मुलांचे असतात, बँडसॉसमोर (फिरत्या पट्ट्याच्या करवतीसमोर) उभ्या असलेल्या थकलेल्या मुलांचे. मग वेळापत्रकाच्या शेवटी असलेली गोष्ट आपोआप गळून पडते, आणि ती गोष्ट दरवर्षी एकच असते: ड्रायव्हरचा सराव. निघायच्या आदल्या रात्री पुरा झालेला तीन करामतींचा रोबोट, दोन आठवडे रोज चालवलेल्या एका करामतीच्या रोबोटपुढे हरताना मी इतक्या वेळा पाहिलाय की आता त्यावर वाद घालत नाही.

थोडा इतिहास इथे उपयोगी आहे. २०१९ पर्यंत एफआरसीत सुमारे सहा आठवड्यांनी बांधणी थांबायची आणि रोबोट प्लास्टिकच्या पिशवीत सील व्हायचा. त्यानंतर स्पर्धेपर्यंत त्याला जवळजवळ हात लावता येत नसे. २०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये १०८.६ इंच, म्हणजे जवळपास पावणेतीन मीटर बर्फ पडला, आणि त्यातला बहुतेक जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. म्हणजे बांधणीच्या शेवटच्या तीन आठवड्यांत. शाळा बंद, फेब्रुवारीत एक दिवस तर शहराची लोकलसुद्धा पूर्ण बंद. तेव्हा बुडालेला दिवस बुडालाच. २०२० च्या सीझनपासून पिशवी गेली आणि आता स्पर्धेच्या दिवसापर्यंत काम करता येतं. नव्या मेंटॉरांना याचा दिलासा वाटतो. मला त्यात सापळा दिसतो. पिशवी होती तेव्हा टीमला झक मारत काटछाट करावी लागायची. आता काटछाट पुढे ढकलता येते, आणि ढकलता ढकलता मार्च उजाडतो. तुमची स्पर्धा पहिल्याच आठवड्यात आहे, त्यामुळे तुम्ही मनाने अजून पिशवीच्या जमान्यातच आहात असं समजा.

आता गॅरेजचं. माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्याची कारणं मुलांना नीट सांगा. नुसतं ‘नाही’ म्हणालात तर ती तुमच्या नकळत जमतील.

पहिलं कारण रस्ता. शाळेने बर्फामुळे सुट्टी दिली याचा अर्थ रस्ते शाळेच्या बसलाही धोक्याचे आहेत. तुमच्या टीममधली सोळा-सतरा वर्षांची मुलं स्वतः गाडी चालवतात, आणि काही आयुष्यात पहिल्यांदाच बर्फावर ब्रेक दाबत असतील. ‘ज्याला जमेल त्याने या’ हे वाक्य तर मुळीच बोलू नका. कॅप्टन व्हायची इच्छा असलेलं मूल ते ‘यायलाच हवं’ असं ऐकतं. बहुतेक शाळांचा नियमही सरळ असतो: शाळा बंद तर शाळेचे सगळे उपक्रम बंद. टीम शाळेची असेल तर गॅरेजमधली बैठकही त्यातच येते, आणि काही झालं तर शाळेचा विमा तुमच्या मागे उभा राहीलच असं नाही. शिवाय मुलांसोबत कुठेही किमान दोन जबाबदार प्रौढ हवेत. एका पालकाच्या घरी, बर्फात, हे जुळवणं वाटतं तितकं सोपं नसतं.

दुसरं कारण हवा. थंड गॅरेज म्हटलं की कुणीतरी गॅसचा हीटर आणतो, आणि वीज गेलेली असली की जनरेटर. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. डोकं जड होतं, झोप येते, आणि कळायच्या आत माणूस आडवा होतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये थंडीने वीजव्यवस्था कोलमडली तेव्हा लोकांनी उबेसाठी गॅरेजमध्ये गाड्या चालू ठेवल्या, घरात कोळशाच्या शेगड्या पेटवल्या. त्या चार-पाच दिवसांत शेकडो लोकांना या विषारी वायूने दवाखान्यात पोहोचवलं, काहींचे जीव गेले. जनरेटर घरात, गॅरेजमध्ये, दार उघडं ठेवूनसुद्धा चालवायचा नाही. घरापासून निदान सहा मीटर दूर ठेवायचा आणि धुराचं तोंड खिडक्यांकडे नको. हे रोबोटबद्दलचं नाही, पण तुमच्या टीममधल्या एखाद्या घरी वीज गेलेली असू शकते. म्हणून पहिला निरोप पाठवाल त्यात कोडबद्दल काही विचारू नका. घरी वीज आहे का, उष्णता आहे का, कुणाला काही हवं आहे का, एवढंच विचारा. दोघा-तिघांकडून उत्तर आलं नाही तर फोन करा.

मग हे पाच दिवस वाया घालवायचे का? अजिबात नाही. बिल्ड सीझनमधलं, म्हणजे बांधणीच्या आठवड्यांतलं, काम नीट पाहिलं तर त्यातलं निम्म्याहून जास्त वर्कशॉपमध्ये होतं ते केवळ सवयीने. मशीन लागतं असं काम वेगळं काढा, प्रत्यक्ष रोबोट समोर लागतो असं वेगळं काढा. उरलेलं सगळं घरी होऊ शकतं, आणि त्यातलं बरंचसं घरी जास्त चांगलं होतं.

कोडचंच पाहा. वर्कशॉपमध्ये प्रोग्रामिंगवाली मुलं कायम ताटकळत असतात, कारण रोबोट यांत्रिकीवाल्यांच्या ताब्यात असतो. डब्ल्यूपीआयलिब या एफआरसी टीम वापरतात त्या कोडच्या लायब्ररीत सिम्युलेशन आहे. त्यात एलेव्हेटर, एका सांध्याचा हात, ड्राइव्हट्रेन यांची भौतिक प्रतिकृती लॅपटॉपवर चालते. मोटरचे रेशो आणि वजनं खरी टाकली तर बंद लूपचं नियंत्रण (सेन्सर पाहून मोटर स्वतः दुरुस्त करणारं) बऱ्यापैकी जुळवून ठेवता येतं. स्वयंचलित टप्प्याचे, म्हणजे सामन्याच्या सुरुवातीला रोबोट ड्रायव्हरशिवाय चालतो त्या सेकंदांचे, मार्ग आखता येतात. ड्रायव्हरला कोणतं बटण कुठे हवं ते ठरवता येतं. या शेवटच्या गोष्टीसाठी ड्रायव्हर आणि प्रोग्रामर यांनी एकत्र बसावं लागतं, आणि ते एरवी कधीच बसत नाहीत. बर्फाने ती वेळ फुकटात दिलीय. एक दक्षता घ्या: कोड गिटहबवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, असला तरी प्रत्येकाच्या लॅपटॉपवर ताजी प्रत आणि लागणारी सगळी लायब्ररी आधीच उतरवलेली हवी. वीज गेली की लॅपटॉप काही तास चालतो, इंटरनेट मात्र लगेच जातं. डिझाइनचं सॉफ्टवेअर क्लाउडवरचं असेल तर भागांच्या आकृत्या पीडीएफ करून ठेवा, म्हणजे निदान मोजमापं हाताशी राहतात.

दुसरं काम बंपर. एफआरसीत बंपर म्हणजे प्लायवूडची पट्टी, त्यावर पोहण्याच्या फोमच्या नळ्या आणि वर ताणून बसवलेलं जाड कापड. लाल आणि निळ्या, दोन्ही बाजूंसाठी ते लागतात आणि त्यावर टीमचा क्रमांक ठरावीक उंचीचा हवा. प्लायवूड कापायला वर्कशॉप लागेल, पण कापड बेतणं, शिवणं, आकडे कापून चिकटवणं हे जेवणाच्या टेबलावर होतं. बहुतेक टीम बंपर शेवटच्या रात्री करतात आणि तपासणीत तिथेच अडकतात. शिवणयंत्र चालवता येणारी आजी किंवा बाबा टीमच्या कुठल्या तरी घरात असतातच. त्यांना आत्ता कामाला लावा.

स्काउटिंगचा (इतर टीमचा खेळ टिपण्याचा) फॉर्म, पिटची (स्पर्धेतल्या दुरुस्तीच्या जागेची) यादी, तपासणीची तयारी, पुरस्कारांसाठीचं लिखाण, सादरीकरणाचा सराव हे सगळं तुम्हाला माहीत असेल, त्यावर वेळ घालवत नाही. फक्त एवढं की हल्ली बऱ्याच शाळा बर्फाच्या दिवशीही ऑनलाइन तास घेतात. त्यावर आणखी तीन तासांची रोबोटिक्सची व्हिडिओ बैठक लादू नका. रोज एकदा, वीस मिनिटं, कोण कुठे अडकलंय एवढंच पाहा. ज्यांच्याकडे चांगलं इंटरनेट नाही त्यांना फोनवर करता येईल असं काम द्या, आणि हजेरी धरू नका.

या दिवसांतलं सगळ्यात मोलाचं काम मात्र निर्णयाचं आहे, आणि त्याला हत्यार लागत नाही: रोबोट काय करणार नाही हे ठरवणं.

त्यासाठी मी एक कागद घेतो आणि मुलांना उलट्या क्रमाने विचारतो. स्पर्धेला निघायच्या दिवसापासून मागे मोजा. ड्रायव्हरच्या सरावाला निदान सलग एक आठवडा काढून ठेवा. त्याला हात लावायचा नाही. त्याआधी सगळी जोडणी तपासणं, वायरिंग नीट करणं, दुरुस्त्या. त्याआधी अजून एक वादळ येणार असं धरून दोन दिवस कोरे सोडा. आता जे दिवस उरले तेवढ्यात काय बसतं? हे मुलांनी स्वतः मोजलं की वाद आपोआप कमी होतो. तुम्ही सांगितलंत तर तुम्ही त्यांचं स्वप्न मोडणारे ठरता. आकड्यांनी सांगितलं तर ते दुःखी होतात, पण पटतं.

काय कापायचं याचा माझा क्रम साधारण असा आहे. ड्राइव्हट्रेन आणि बंपर यांना धक्का नाही. मग गुण मिळवायचा एकच मार्ग, जो सगळ्यात कमी हलणाऱ्या भागांत होतो तो. मग स्वयंचलित टप्प्यात निदान रेषेबाहेर पडणं. बहुतेक वर्षी एवढ्यालाही गुण असतात आणि आश्चर्य वाटेल इतके रोबोट तेही करत नाहीत. शेवटी लटकणं-चढणं, आणि ते फक्त पहिल्या तीन गोष्टी नीट चालत असतील तर. तुमच्या पत्रात उचलायची दोन वेगळी यंत्रं दिसतात, एक जमिनीवरून आणि एक भिंतीच्या फटीतून येणारं घ्यायला. त्यातलं एक काढा. कोणतं ते मुलांना ठरवू द्या.

आणि जर मोजणीत एकही यंत्र बसत नसेल, तर कमीपणा न मानता तयार आराखडा उचला. ह्यूस्टनजवळच्या लीग सिटीची ११८ क्रमांकाची टीम रोबोनॉट्स दरवर्षी ‘एव्हरीबॉट’ नावाचा सोपा रोबोट बनवून त्याचे संपूर्ण आराखडे मोफत खुले करते. साध्या हत्यारांनी, थोड्या सामानात बनेल हाच त्यामागचा हेतू. अलीकडच्या सीझनमध्ये स्पर्धा भरवणाऱ्या फर्स्ट संस्थेकडूनही किटमधल्या चाकांच्या सांगाड्यावर बसणारी साधी यंत्रणा देण्यात आलीय. वादळाने मोडलेल्या सीझनमध्ये एव्हरीबॉट बांधून अंतिम फेऱ्यांपर्यंत निवडल्या गेलेल्या टीम मला माहीत आहेत. स्वतःच्या कल्पनेचा रोबोट हवा हा आग्रह मी समजू शकतो, पण दुसऱ्या वर्षाच्या टीमला शिकायला त्या सोप्या रोबोटमध्येही भरपूर आहे.

शाळा उघडेल त्या दिवसाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण अपघात त्याच दिवशी होतात. मुलं धावत येतील आणि थेट मशीनकडे जातील. पहिला अर्धा तास कुणालाही मशीन चालू करू देऊ नका. सगळ्यांना रोबोटभोवती उभं करा, कुठे सोडलं होतं ते पाहा, घरी ठरवलेली यादी भिंतीवर लावा, कामं वाटा. त्याच वेळी जमिनीकडेही पाहा. बुटांना चिकटलेला बर्फ आत येऊन वितळतो आणि ड्रिल प्रेसच्या पायाशी, एक्स्टेन्शन बोर्डाच्या शेजारी पाण्याची थारोळी होतात. दारात जाड पायपुसणं आणि कोरड्या बुटांची सक्ती, दोन्ही हवीत. दुसरी गोष्ट कपडे. हिवाळ्यात मुलं मफलर, हूडीच्या लोंबत्या दोऱ्या आणि हातमोजे घालूनच आत येतात. तळघरात गारठा असेल तर ते काढतही नाहीत. फिरत्या मशीनजवळ हातमोजे घालायचे नसतात. ड्रिल बिटमध्ये कापडाचा धागा सापडला की ते बोट ओढून नेतं. थंडी वाजत असेल तर खोली गरम होईपर्यंत मशीन बंद राहू द्या. आणि हो, वाहनतळावर निसरडं असताना रोबोट उचलून नेऊ नका. पन्नास किलोंचं धूड घेऊन दोन मुलं बर्फावरून चालताना पाहिली की माझा जीव वर येतो. मीठ टाका, वाट मोकळी करा, ट्रॉली वापरा.

आता थंडी रोबोटचं काय करते ते. तुमचं तळघर पाच दिवस बंद होतं, आणि सुट्टीत शाळा तापमान बरंच खाली आणतात. बॅटऱ्यांपासून सुरुवात करा. आपल्या १२ व्होल्ट, साधारण १८ अँपिअर-तासांच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या थंडीत दमतात. शून्य अंशाला त्यांची क्षमता खोलीच्या तापमानापेक्षा साधारण पाचव्या हिश्शाने कमी होते, आणि उणे १८ च्या आसपास ती जवळपास निम्म्यावर येऊ लागते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे चार्ज किती आहे. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंशांपर्यंतही गोठत नाही, पण रिकाम्या बॅटरीतलं पाणीदार झालेलं आम्ल शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठू शकतं, आणि मग आतल्या प्लेटी वाकतात किंवा डबा तडकतो. म्हणून वादळाचा इशारा आला की कुलूप लावण्याआधी सगळ्या बॅटऱ्या चार्जवर पूर्ण करून ठेवायच्या. गारठलेली बॅटरी आणली तर काही तास खोलीत ठेवून मगच चार्ज करा. फुगलेली किंवा तडा गेलेली असेल तर ती टीममधून बाद, वाद नको. लॅपटॉप किंवा हत्यारांच्या लिथियम बॅटऱ्यांचा नियम आणखी कडक आहे: शून्याखाली त्या चार्ज करायच्याच नाहीत, आत धातूचा थर साचून त्या कायमच्या बिघडतात.

दुसरा त्रास दव. उणे दहा अंशांतल्या ट्रेलरमधून रोबोट उबदार हॉलमध्ये आणला की थंड ॲल्युमिनिअमवर, सर्किटवर, कॅमेऱ्याच्या काचेवर पाणी धरतं. त्या वेळी वीज चालू केली तर रोबोरिओपासून (रोबोटच्या मुख्य संगणकापासून) मोटर कंट्रोलरपर्यंत काहीही जाऊ शकतं. रोबोट बाहेर असतानाच मोठ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि आत आणल्यावर तो खोलीइतका गरम होईपर्यंत गुंडाळलेलाच राहू द्या. दव प्लास्टिकवर बाहेरून धरेल. न्यूमॅटिक्स, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणारे भाग, वापरत असाल तर टाक्यांतलं साचलेलं पाणी काढून टाका, नाहीतर ते बारीक नळ्यांत गोठून झडप अडवतं.

तिसरा त्रास बहुतेकांच्या लक्षातच येत नाही: स्थिर वीज. हिवाळ्यात हीटर चालू असलेल्या इमारतीत हवा भयंकर कोरडी होते. कार्पेटवर रबरी चाकं फिरली की रोबोटवर भार साठतो, आणि धातूला स्पर्श होताच ठिणगी उडते. कोड आपोआप रीस्टार्ट होणं, सेन्सर क्षणभर गायब होणं, यूएसबी कॅमेरा तुटणं ही लक्षणं दिसली की मुलं दिवसभर कोड उलगडत बसतात. आधी हवा पाहा. ह्युमिडिफायर लावा, रोबोटला हात लावण्याआधी स्वतः जमिनीशी जोडलेल्या धातूला स्पर्श करा, आणि सैल कनेक्टर घट्ट करा, कारण निम्म्या वेळा दोष तिथेच निघतो.

बाकीचं पटकन: गोंद आणि इपॉक्सी गारठ्यात नीट सुकत नाहीत, बाटलीवरचं किमान तापमान वाचा. थ्रीडी प्रिंटर थंड खोलीत, विशेषतः एबीएस प्लास्टिक असेल तर, कोपरे उचलतो. त्याला पेटीत झाका. चाकांचं रबर थंडीत कडक होऊन घसरतं, म्हणून थंड सकाळी घेतलेल्या सरावावरून स्वयंचलित टप्प्याचे आकडे पक्के करू नका.

पुढच्या आठवड्यातल्या वादळासाठी आत्ताच एक गोष्ट करा. प्लायवूडच्या एका फळीवर रोबोटचं विजेचं छोटं रूप बसवा: जुना रोबोरिओ, वीज वाटणारा डबा, मुख्य ब्रेकर, दोन मोटर कंट्रोलर आणि दोन मोटरी. वादळाचा इशारा मिळाला की ती फळी, एक चार्ज केलेली बॅटरी आणि टीमचाच चार्जर असं एका प्रोग्रामरच्या घरी जातं. बॅटरीच्या टोकांना झाकण, चार्जिंग कार्पेटवर किंवा पलंगावर नाही, मोकळ्या हवेच्या खोलीत आणि कुणीतरी जागं असताना. एवढं त्या घरच्या मोठ्यांना समजावून सांगा. फर्मवेअर, उपकरणांचे क्रमांक, सेन्सर वाचणं हे सगळं त्यावर होतं आणि शाळा उघडल्यावर खऱ्या रोबोटवर एका संध्याकाळीत चढतं. निरोपाचं तंत्रही आत्ताच ठरवा: कोण रद्द करणार, किती वाजेपर्यंत, कुठल्या एकाच ग्रुपवर. दुपारी दोनपर्यंत निर्णय, आणि एखादे पालक नाही म्हणाले तर त्यांना कारण विचारायचं नाही.

सुट्या भागांची मागणीही थोडी पुढे ओढा. आपले नेहमीचे पुरवठादार देशभर पसरलेले आहेत; अँडीमार्क इंडियानातल्या कोकोमोचं, व्हेक्स टेक्ससमधल्या ग्रीनव्हिलचं. तुमच्या गावात ऊन असलं तरी वाटेत कुठेतरी बर्फ असतोच आणि पार्सल तिथे अडकतं. एकाच भागासाठी सगळा रोबोट थांबणार असेल तर तो भाग दोन ठिकाणांहून मागवा किंवा त्याशिवाय चालेल असं डिझाइन करा.

स्पर्धेचा प्रवास राहिला. मार्च म्हणजे वसंत हा समज सोडा. मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागावर एकाच महिन्यात लागोपाठ चार मोठी वादळं येऊन गेली. आदल्या दिवशी निघायचं बजेट आत्ताच मागून ठेवा. अंदाज वाईट असेल तर आणखी एक दिवस आधी निघा, किंवा फक्त ड्राइव्ह टीम, दोन मेंटॉर आणि रोबोट पुढे पाठवा, बाकीची बस रस्ता मोकळा झाल्यावर. ड्रायव्हर स्टेशनचा (रोबोट चालवायचा) लॅपटॉप, कंट्रोलर आणि बॅटऱ्या ट्रेलरमध्ये नकोत. ते सगळं माणसांबरोबर गरम गाडीत. पोहोचायला उशीर होतोय असं दिसलं की वाटेतूनच आयोजकांना फोन करा. त्यांच्याकडे अशा टीमांची यादी असते आणि तपासणीच्या वेळेत थोडी हलवाहलव होऊ शकते.

शेवटचं तुम्ही विचारलंत, रोबोट अर्धाच झाला तर माघार घ्यायची का. घेऊ नका. नुसती ड्राइव्हट्रेन असलेला रोबोटही सामना खेळू शकतो, आडवा येऊन बचाव करू शकतो, आणि पिटमध्ये शेजारच्या टीम हत्यारं, भाग, कधी कधी आख्खं यंत्रसुद्धा उसनं देतात. तपासणीत वजन, मापं आणि वायरिंग नियमात असू द्या, आणि बंपर दोन्ही रंगांचे तयार ठेवा. त्यांच्याशिवाय मैदानात उतरू देत नाहीत.